'माहीत नाही'च्या रकान्यातल्या बायका

"तेवढं सोडून काय हवं ते विचारा," असं म्हणत डॉ. रेठरेकरांनी माझ्याकडं पाठ केली आणि हात धुवायला नळ सोडला.

"सर, मला तेवढंच हवंय," मी म्हणाले. "बाकी सगळं तुमच्या केसपेपरवर आहे. नाव, गाव, वय, गाठ कुठल्या बाजूला, ऑपरेशन कधी झालं. फक्त स्टेज नाही."

"नाहीच."

"लिहायची राहून जाते का?"

ते टॉवेलला हात पुसत वळले. उंच, किंचित वाकलेले, कानांवर पांढरे केस. चिडले असतील असं वाटलं होतं, पण चेहरा शांत होता.

"बाई, एवढी वर्षं सर्जरी करतोय मी. प्रत्येक कागदावर नेमकी तीच गोष्ट राहून जाईल का? मी लिहीत नाही. कुणाला तोंडीही सांगत नाही. चहा घेणार?"

चहा मी घेतला नाही. एस.टी. चुकली असती. आणि खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा रागही आला होता.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. मी तेव्हा जिल्ह्याच्या गावी कॅन्सर नोंदणी केंद्रात नोकरीला लागले होते. जिल्ह्यात कुणालाही कॅन्सर झाला की त्याची नोंद आमच्याकडं व्हायची. कुठल्या अवयवाचा, कुठल्या गावात, कितव्या वर्षी, आणि सापडला तेव्हा किती पसरला होता. हे शेवटचं म्हणजे स्टेज. पहिली म्हणजे गाठ लहान, जागच्या जागी. चौथी म्हणजे हाडांत, फुफ्फुसांत, लिव्हरमध्ये पोचलेली. मधल्या दोन मधल्या. बरं होणं बरंचसं त्यावर अवलंबून.

त्या वर्षी सरकार आणि एक मोठा ट्रस्ट मिळून एक योजना आणत होते. शिकवून तयार केलेल्या नर्सेस गाडीतून गावोगाव जाणार, बायकांची छाती तपासणार, कुणाला गाठ लागली तर तिला पुढं दवाखान्यात नेण्याची सोय करणार. पण गाडी एकच होती. पहिली काही वर्षं ती जिल्ह्याच्या एकाच भागात फिरणार होती. कुठल्या, ते बैठकीत ठरणार होतं, आणि ठरणार होतं आमच्या आकड्यांवरून. जिथल्या बायका सर्वांत उशिरा डॉक्टरकडं पोचतात तिथं गाडी जाणार.

आमच्याकडं आकडेवारीचं काम गुर्जर सर बघायचे. त्यांनी तक्ता तयार करून आमच्या प्रमुख डॉ. शिरीन अत्तार यांच्यापुढं ठेवला. मॅडम बराच वेळ तो बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "उज्ज्वला, तू माणदेशातली ना? तुमच्याकडच्या बायका गाठ लागली की लगेच दवाखान्यात जातात?"

मला हसूच आलं. माझ्या आईनं दाढेचं दुखणं गाल सुजून डोळा मिटेपर्यंत लपवून ठेवलं होतं.

"मग हे काय आहे?" त्यांनी तक्ता माझ्याकडं सरकवला.

पूर्वेकडचे आमचे दोन दुष्काळी तालुके सगळ्या जिल्ह्यात पहिले होते. छातीच्या कॅन्सरच्या निम्म्याहून जास्त बायका तिथं पहिल्या नाहीतर दुसऱ्या स्टेजला सापडत होत्या. बागायती तालुक्यांनासुद्धा ते जमलं नव्हतं.

"मॅडम, मी आकडे तयार केलेले नाहीत," गुर्जर सर म्हणाले. "ज्यांची स्टेज माहीत नाही त्या वगळल्या आणि उरलेल्यांचं प्रमाण काढलं. सगळीकडं असंच करतात."

"वगळल्या किती?"

"त्या दोन तालुक्यांत जरा जास्त आहेत."

जरा जास्त म्हणजे दर चारांतल्या तीन. त्या भागातल्या जवळपास सगळ्या बायका भाळवडला डॉ. रेठरेकरांच्या छोट्या हॉस्पिटलात जायच्या, आणि रेठरेकर स्टेज लिहीत नव्हते. ज्यांच्याकडं गाडी होती, शहरात नातेवाईक होते, त्या परस्पर पुण्या-मुंबईला जात. त्यांचे सगळे रिपोर्ट आमच्याकडं येत. शिकलेल्या घरातल्या, वेळेवर दाखवणाऱ्या बायका. तक्त्यात तेवढ्याच उरल्या होत्या.

"बैठक दिवाळीनंतर आहे," मॅडम म्हणाल्या. "उज्ज्वला, तू भाळवडला जा."

मी निघताना गुर्जर सर व्हरांड्यात भेटले. "तो देणार नाही," आवाज खाली आणून ते म्हणाले. "ज्यांचं ऑपरेशन करून काही उपयोग नाही त्यांचीही करतो म्हणतात. स्टेज लिहिली तर उद्या कुणी विचारणार नाही का?"

हे मनात घेऊनच मी गेले होते. त्यामुळं नळाखाली हात धुणारा तो माणूस मला हात झटकणाराच वाटला.

"तो सांगत नसेल तर घरोघर जा," मी परत आल्यावर मॅडम म्हणाल्या. "कुणाकडं बाहेरचे रिपोर्ट असतील. काहीतरी हाताला लागेल."

मग मी गावं पालथी घालायला लागले. एस.टी.नं फाट्यापर्यंत, पुढं चालत नाहीतर कुणाच्या मोटरसायकलवर मागं बसून. ज्वारी पोटऱ्यात आली होती, कणसं फुटायच्या बेतात, पण पाऊस हात राखून झालेला, त्यामुळं ताटं खुरटी. बऱ्याच घरांत कर्ती माणसं नव्हतीच. आमच्याकडचे पुरुष गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला पार मद्रास, कलकत्त्यापर्यंत गेलेले. घरात बायका, म्हातारी आणि एखादा मागं राहिलेला भाऊ.

पहिल्या घरी भिंतीवर बाईचा फोटो होता आणि त्याला हार. दुसऱ्या घरी सासूनं दारातच विचारलं, "तिचं काय काम हुतं? ती संक्रांतीच्या आधीच गेली की." तिसऱ्या घरात एक शाळकरी मुलगी भाकरी थापत होती. आई कुठंय विचारलं तर ती थापतच राहिली. माझ्या कागदावर या सगळ्यांपुढं एकच शब्द होता. माहीत नाही.

मला हळूहळू दिसायला लागलं होतं की या बायका कुठल्या स्टेजच्या होत्या ते समजायला रिपोर्टची गरज नाही. पण फोटोवरच्या हारावरून नोंद करता येत नाही.

आठवडाभरानं मी सगुणा देवकरांच्या वस्तीवर पोचले. त्या जिवंत होत्या. ओट्यावर बसून एका हातानं शेंगा फोडत होत्या. दुसरा हात, ज्या बाजूचं ऑपरेशन झालं होतं तो, मांडीवर उताणा ठेवलेला. चाळिशीच्या, सावळ्या, तरतरीत डोळ्यांच्या. नवरा कोइमतूरला गलाईच्या दुकानात. घर बघायचा तो दीर, रामहरी.

मी कुठून आले ते सांगितलं. सगुणाबाईंनी जावेला हाक मारली, "मालन, बाईंस्नी पानी दी गं."

रामहरी गोठ्यातून आला. पायजम्याला शेण लागलेलं, पण बोलायला अदबशीर. त्यानं माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

"बरं झालं आलासा," तो म्हणाला. "तुम्ही मोठ्या दवाखान्यातल्या. मला एक सांगा, वैनीची कितवी स्टेज हाय?"

"तेच विचारायला मी आलेय."

"म्हंजे तुमास्नीबी न्हाय म्हाईत?" त्यानं कपाळावर हात मारला. "डाक्टरला इचारलं तर म्हणतोय, इंजेक्शनं घ्यायला पुण्याला न्या, बाकी मला इचारू नका. अवो, पुण्याला न्यायचं म्हंजे कुणीतरी संगं ऱ्हायाला पायजे. हितं जनावरं हायती. आन् इंजेक्शनांनी केस जात्यात, वकाऱ्या हुत्यात. खालच्या आळीच्या बापूला नेला हुता, त्येची शेवटची स्टेज. नुसतं हाल केलं आन् परत आनला त्यो चादरीत गुंडाळून."

सगुणाबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"माझं म्हननं काय," रामहरी म्हणाला, "पयली-दुसरी आसंल तर म्हैस इकून नेतो. आपली वैनी हाय. पर तिसरी-चवथी आसंल, तर उगं हाल कशाला? घरात निवांत ऱ्हाऊ द्या. गोडधोड खाऊ द्या. चुकलं का माझं?"

तो वाईट माणूस नव्हता. हे मला आजही सांगावंसं वाटतं. त्याच्या आवाजात कपट नव्हतं. त्याला एक आकडा हवा होता, आणि तो मिळाला की त्याचा निर्णय झालेला होता.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

हे बोलले आणि मीच दचकले. इतके दिवस मी हाच शब्द खोडायला हिंडत होते. मला खरंच माहीत नव्हतं, हे तर झालंच. पण त्या क्षणी माहीत असतं तरी मी तेच म्हणाले असते.

निघताना सगुणाबाई म्हणाल्या, "बाईंस्नी फाट्यापतुर सोडून येती." रामहरी गोठ्याकडं वळला. आम्ही दोघी बांधाबांधानं चालायला लागलो. घर मागं पडलं तशा त्या थांबल्या.

"बाई, आता आपुन दोघीच हाय. खरं सांगा. कितवी?"

"सगुणाबाई, देवाशप्पथ मला माहीत नाही. डॉक्टरांनाच माहीत आहे."

"त्येंनी दिराला सांगितलं न्हाय, ते ब्येस केलं. मला समजतंय ते का सांगत न्हाईत." त्यांनी पदर आवळून घेतला. "पर मला का सांगत न्हाईत? गाठ माझी. कापलं ते माझं. माझी लेक नववीत हाय. तिला चुलतीच्या हाती सोपवायची का मामाकडं धाडायची, ते आधी ठरवाय नगं? का मी गेल्यावर समद्यांनी मिळून ठरवायचं?"

त्या पुन्हा चालायला लागल्या.

"मी नवऱ्याला फोन केला हुता एस.टी.डी. वरनं. म्हनला, रामहरी म्हनंल तसं कर. दीर म्हनतोय, डाक्टर सांगंल तसं. डाक्टर काय सांगतच न्हाय. आन् मी आपली शेंगा फोडतीया."

"टाके बघायला कधी बोलावलंय?"

"ह्या बुदवारी."

"मी येते बुधवारी," मी म्हणाले.

पण मी त्याआधीच गेले. दुसऱ्याच दिवशी. दुपारची ओपीडी संपली होती. रेठरेकर जेवणाचा डबा उघडून बसले होते. मला बघून त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला.

"पुन्हा तुम्ही?"

"सर, आज मागायला नाही आले. दाखवायला आलेय." मी गुर्जर सरांचा तक्ता त्यांच्या टेबलावर पसरला आणि आमच्या दोन तालुक्यांच्या ओळीवर बोट ठेवलं.

त्यांनी चष्मा चढवला. वाचलं. परत वाचलं.

"माझ्या भागातल्या बायका सर्वांत लवकर येतात?" ते म्हणाले. "कुणी लिहिलं हे?"

"तुम्ही, सर."

"मी?"

"तुम्ही जागा रिकामी सोडलीत. बैठकीत कुणी विचारणार नाही की रिकामी का आहे. रिकाम्या वगळतात आणि उरलेल्या मोजतात. उरलेल्या म्हणजे पुण्याला गेलेल्या. या तक्त्यावरून गाडी कुठं जायची ते ठरणार आहे. इकडं येणार नाही."

त्यांनी डबा बाजूला केला. बाहेर दवाखान्याच्या अंगणात पेशंटच्या नातेवाइकांनी दगडांची चूल मांडली होती, तिचा धूर आत येत होता.

"गाडीचं मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "पण तरी मी लिहिणार नाही. बसा. का नाही ते सांगतो, मग तुम्ही पुन्हा येणार नाही."

मी बसले.

"सुरुवातीला मीही लिहायचो. सगळे लिहितात तसं. या दवाखान्याची पहिली काही वर्षं होती. चंद्रभागा नावाची एक बाई आली. तरुण होती. डाव्या छातीत गाठ, फार मोठी नाही. मी फोटो काढला, तर फुफ्फुसात डाग दिसला. म्हटलं, पसरलाय. केसपेपरवर लिहिलं, स्टेज चार. कागद तिच्या नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हटलं, मिरजेला नाहीतर पुण्याला दाखवा. त्यानं गावातल्या मास्तराकडून वाचून घेतलं. मास्तरांनी सांगितलं, चार म्हणजे शेवटची. तो तिला घरी घेऊन गेला. परत आणलंच नाही."

"गेल्या त्या?"

"तेच तर. गेली नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सहा-सात वर्षांनी ती एकटी चालत माझ्याकडं आली. गाठ फुटलेली, वास सुटलेला. एवढी वर्षं तिला परड्यातल्या छपरात वेगळी बाज घालून दिली होती. ताट वेगळं. नवऱ्यानं दुसरी केली होती. का नाही करणार, त्याच्या लेखी ही मेलेलीच होती. मी परत फोटो काढला. फुफ्फुसातला डाग जिथल्या तिथं. तेवढाच. एका रेषेनं वाढला नव्हता. पसरलेला कॅन्सर इतकी वर्षं गप्प बसत नाही बाई. तो जुन्या टीबीचा व्रण होता. पहिल्याच दिवशी मी गाठ काढून टाकली असती तर..." ते थांबले. "माझा आकडा चुकला होता. मी अंदाज लिहिला होता आणि त्या घरानं तो निकाल म्हणून वाचला. त्या दिवसापासून मी लिहिलं नाही. गावातले लोक काय बोलतात, तुमच्या ऑफिसात काय बोलतात, मला माहीत आहे. बोलू देत."

गुर्जर सरांचं व्हरांड्यातलं बोलणं आठवून लाज वाटली. पण बांधावर उभी राहिलेली सगुणाबाईही डोळ्यांपुढून जात नव्हती.

"सर, चंद्रभागाबाईंना कुणी सांगितलं होतं का?"

"काय?"

"तुमचा कागद नवऱ्यानं वाचून घेतला. मास्तरांनी वाचला. त्यांना स्वतःला कुणी सांगितलं का, की फुफ्फुसात डाग आहे, तो कशाचाही असू शकतो, आणखी तपास करावा लागेल?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

मग मी सगुणाबाईंचं सगळं बोलणं त्यांना सांगितलं. जसं त्या बोलल्या तसंच, त्यांच्या शब्दांत. गाठ माझी, कापलं ते माझं. मुलीचं कुणी ठरवायचं. मी आपली शेंगा फोडतीया.

रेठरेकर उठले आणि हात न धुताच खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"मी या बायकांना घरच्यांपासून वाचवत होतो," ते बाहेर बघतच म्हणाले. मग अगदी हळू, "बुधवारी येणारे ना ती?"

बुधवारी मी पोचले तेव्हा सगुणाबाई आणि रामहरी बाकावर बसले होते. नंबर आला तसा रामहरी सवयीनं आधी उठला. रेठरेकर दारात येऊन उभे राहिले.

"तू बस. मला पेशंटशी बोलायचंय."

"मी तिचा दीर, डाक्टर. समदं मीच बगतोय."

"मला माहीत आहे. बस."

दार लागलं. रामहरी माझ्या शेजारी बसला. एकदा उठला, दाराला कान लावावा तसा जवळ गेला, मग ओशाळून परत आला. "आसं कदी केलं न्हवतं त्येंनी," तो म्हणाला. "वंगाळ आसंल का काय वो?" मी म्हटलं, बोलून तर होऊ दे.

आत किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मधे एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एकदा कुणीतरी नाक ओढलं. बाकी काही नाही.

दार उघडलं. सगुणाबाई बाहेर आल्या. डोळे लाल होते, पण पदर नीट खोचलेला. रामहरी झटक्यानं उभा राहिला.

"काय म्हनले? कितवी?"

सगुणाबाईंनी त्याच्याकडं बघितलं.

"पुण्याला जायाचं ठरलंय," त्या म्हणाल्या. "सा इंजेक्शनं हायती. माझी भन हाय हडपसरला, तिच्याकडं ऱ्हाईन. तुमी जनावरं सोडून यायची गरज न्हाय. पोरीला मामाकडं ठिवून जाती, परीक्षा झाली की आनू."

"आगं पर कितवी ते..."

"मी इचारून आलीया. माझं मला कळलं. चला, एस.टी. जाईल."

आणि त्या पुढं चालायला लागल्या. नेहमी दिराच्या मागं चार पावलं चालणारी बाई पुढं, आणि रामहरी पिशवी घेऊन मागं.

मी आत गेले. रेठरेकर खुर्चीत बसून होते, थकल्यासारखे. त्यांनी माझ्याकडं न बघता एक अट घातली. स्टेज माझ्या कागदावर जाईल, त्यांच्या नाही. माझ्या कागदावर नाव असणार नाही, फक्त नोंदणीचा नंबर. आणि तो कागद जिल्ह्याच्या गावी जाईपर्यंत माझ्या पिशवीतून बाहेर निघणार नाही. मी कबूल केलं.

मग त्यांनी मागच्या केसपेपरांचे गठ्ठे काढले आणि एकेक हातात घेऊन सांगायला लागले. तिसरी. चौथी. तिसरी. चौथी. एकीपाशी थांबून म्हणाले, "हिची तिसरी असावी, पण मला खात्री नाही. तसं लिहा, खात्री नाही म्हणून." आणि एकीपाशी, "हिचा तपासच झाला नाही. घरचे त्याच दिवशी घेऊन गेले. हिचं खरंच माहीत नाही. इथं तेच राहू दे." पहिली असा शब्द त्या दुपारी त्यांच्या तोंडून जवळजवळ आलाच नाही. पुढच्या कित्येक खेपांना मी गेले, तेव्हाही क्वचितच.

बैठकीत नवा तक्ता ठेवला तेव्हा एक अधिकारी म्हणाले, "मॅडम, मागच्या महिन्यात पाठवलेल्या कच्च्या तक्त्यात तर तुमचे हे तालुके जिल्ह्यात सर्वांत पुढं होते. एका महिन्यात इतके खाली कसे गेले?"

"तालुके तेच आहेत साहेब," अत्तार मॅडम म्हणाल्या. "मागच्या खेपेला या बायका आम्ही मोजल्याच नव्हत्या."

गुर्जर सरांनी नव्या तक्त्यात 'माहीत नाही'चा रकाना वेगळा, ठळक दाखवला होता. कुणी विचारायच्या आधीच त्यांनी तो समजावून सांगितला. त्यानंतर त्यांनी एकही तक्ता त्या रकान्याशिवाय काढला नाही.

गाडी लगेच मिळाली नाही. फाइल कुठं कुठं फिरली, एका वर्षाचं दीड वर्ष झालं. पण ती आमच्याच भागात आली. पहिलं शिबिर देवकरांच्या वस्तीजवळच्या गावात, शाळेच्या खोलीत होतं. मी नोंदीला बसले होते. बायका आल्या होत्या, पण सगळ्या भिंतीला टेकून, तोंडाला पदर लावून. पडद्याआड जायला कुणी तयार होईना. नर्स दोनदा बाहेर येऊन बोलावून गेली.

तेवढ्यात दारात जीप थांबली. चालवत होता रामहरी, कुणाचीतरी मागून आणलेली. मागून मालन उतरली आणि तिच्या पाठोपाठ सगुणाबाई. केस परत आले होते, आखूड, दाट आणि थोडे पांढरे. पुढं बऱ्याच वर्षांनी त्या गेल्या, त्याच आजारानं. पण तोवर मुलीचं लग्न झालं होतं आणि नातवंडाला त्यांनी स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलं होतं. त्या दिवशी मात्र त्या धाकट्या जावेला दंडाला धरून पुढं ढकलत होत्या.

"हिला आदी बगा बाई. लाजतीया."

मालन पडद्याआड गेली. सगुणाबाई बायकांच्यात सतरंजीवर बसल्या. शेजारच्या एका म्हातारीनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, पण तिचं कुजबुजणंही सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

"सगुने, तुजी कितवी हुती गं?"

रामहरी दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मी हातातलं पेन खाली ठेवलं. सगुणाबाईंनी एकदा दाराकडं बघितलं, मग भिंतीला टेकलेल्या सगळ्या बायकांकडं.

"तिसरी," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आन् मी हितं बसलीया न्हवं? उठा आता, एकेक आत जावा."